यशोदाबाईच्या तीन पुरचुंड्या

तोताराम आला त्या सकाळी चुडामण अंगणात सूप घेऊन जव निवडत बसला होता. पौषातले दिवस होते. नऊ वाजून गेले तरी शिरपुरातली थंडी हटली नव्हती. बायको यशोदाबाई जाऊन साडेतीन महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्याने मनापासून हातात घेतलेलं हे पहिलंच काम होतं.

तोताराम बियरच्या कारखान्यात ट्रकवर ड्रायव्हर होता. औरंगाबादहून धुळ्याला आणि जळगावला पेट्या टाकायचा, आणि वेळ असला की वाट वाकडी करून शिरपूरला यायचा. चुडामण त्याच कारखान्यातून चार वर्षांपूर्वी रिटायर झालेला. त्या नात्याने तो त्याला आबा म्हणायचा.

"काळी व्यायनी का, आबा?" त्याने दारातूनच विचारलं.

शेजारीपाजारी समजत की हे म्हशीबद्दल बोलतात. म्हैस चुडामणच्या दारात कधीच नव्हती. काळी म्हणजे घरी केलेली बियर, दर हिवाळ्यात एकदा. तसं करायला सरकारची परवानगी नव्हती, म्हणून हे म्हशीचं नाव.

"अजून नही रे. उद्या जव भिजत टाकसू. बठ, चहा ठेवतो."

तोताराम ओट्यावर टेकला. चहा झाला, यशोदाबाईची आठवण निघाली. मग तोताराम सहज बोलावं तसं बोलून गेला.

"पण आबा, यंदा देवचंदभाऊंची काळी लई उतरली बरं. नातवाच्या बारशाला आम्ही जुनी सहा माणसं होतो, मागच्या अंगणात. पहिला घोट घेतला आणि मी म्हटलं, ही तर आपल्या यशोदावहिनींची. तोच वास. डिट्टो. मला वाटलं तुम्हीच फुलं दिली असतील."

"मी नाही दिली."

"मग त्यांना जमलं म्हणायचं एकदाचं. इतकी वर्षं त्यांची काळी म्हणजे काढा असायचा," असं म्हणून तोताराम हसला. "तुम्हाला बोलावलं नाही ते दुखवटा म्हणून, असं देवचंदभाऊ म्हणाले."

तोताराम गेल्यावर चुडामणने सूप बाजूला ठेवलं, शिडी लावली आणि माळ्यावर चढला. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा होता तिथेच होता. त्याने तो उचलला आणि उचलतानाच त्याला कळलं. फुलं वजनाने हलकी असतात, पण रिकामा डबा हाताला वेगळाच लागतो. झाकण काढलं. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला होता आणि दुसरं काही नव्हतं.

तो शिडीवरच बसून राहिला. यशोदा गेली तो दिवस त्याने पाहिला होता, तिच्या उशाशी बसून पाहिला होता. पण ती खरोखर हातची गेली हे त्याला त्या शिडीवर कळलं.

त्या डब्यात तीन पुरचुंड्या होत्या. यशोदाबाईने श्रावणात बांधलेल्या.

हे फुलांचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बियर कडू होते ती हॉप्स नावाच्या एका वेलीच्या फुलांनी. कारखान्यात त्यांना नुसतं फूल म्हणत. हिरवट, कागदासारखी, बोटात चुरली की पिवळी भुकटी सुटते. चुडामणच्या वेळी तीन ठिकाणची फुलं यायची: हिमाचलची, काश्मीरची आणि थोडी जर्मनीची. कारखान्याची बियर पिवळी आणि हलकी असे, तिला एकच फूल पुरे. पण मोठे साहेब नाताळात स्वतःपुरती काळी, कडवट बियर करायचे, भाजलेले जव घालून. पातेल्याशी चुडामणला उभं करायचे. तीत तिन्ही फुलं पडत. फाटलेल्या गाठोड्यांतली सांडलेली फुलं साहेब त्याला घरी नेऊ देत. पुढे तोताराम ती आणून द्यायचा. मागच्या श्रावणात त्याने शेवटची आणली, तेव्हाच सांगितलं होतं की आता कारखान्यात फुलं येत नाहीत, दाबलेल्या गोळ्या येतात.

काळीला फुलं लावणं सोपं नाही. जव कॉफीच्या रंगावर भाजले की ते स्वतःच कडू होतात. त्यात कडू फूल जास्त पडलं तर काढा होतो, देवचंदचा व्हायचा तसा. आणि वासाचं फूल कमी पडलं तर भाजल्याचा करपट वास त्याला खाऊन टाकतो. यशोदाबाईने त्यावर आपली रीत बसवली होती. एका गाठीची पुरचुंडी उकळी फुटताच टाकायची, तीत नुसतं हिमाचलचं फूल, आणि तेही हात आखडून. दोन गाठींची अर्ध्या तासाने, तीत हिमाचलचं आणि काश्मीरचं. तीन गाठींची पुरचुंडी सगळ्यांत लहान. ती विस्तव ओढल्यावर टाकायची आणि वर झाकण लावून पातेलं तसंच ठेवायचं. तीत काश्मीरचं किती आणि जर्मनीचं किती, ते फक्त तिला ठाऊक. ती मोजत नसे. ओंजळीत घेऊन हुंगायची, चिमूटभर काढायची, चिमूटभर घालायची, परत हुंगायची.

लोक मात्र म्हणत, पुरचुंड्या तिच्या, नाक चुडामणचं.

आणि चुडामणला नाक नव्हतं.

म्हणजे चेहऱ्यावर होतं. चौऱ्याहत्तर साली कारखान्याच्या थंड खोलीत अमोनियाचा नळ फुटला तेव्हा तो आत होता. पंधरा दिवस डोळे सुजलेले, घसा सोललेला. डोळे बरे झाले, घसा बरा झाला, वास गेला तो परत आला नाही. जिभेला खारट-गोड-कडू कळे, तेवढंच. हे साहेबांना कळतं तर त्यांनी त्याला पातेल्यावरून काढून बाटल्या धुवायला बसवला असता. म्हणून त्याने कोणाला सांगितलं नाही. यशोदाबाईला मात्र सांगावं लागलं नाही. भाजी करपली आणि हा शेजारी बसून बिडी ओढत राहिला, तेव्हाच तिला कळलं.

मग तिने युक्ती काढली. तो रोज संध्याकाळी त्या दिवशीची मूठभर फुलं रुमालात बांधून आणायचा. कामगारांच्या चाळीतल्या त्या एका खोलीत ती रुमाल सोडून हुंगायची आणि सांगायची. हे लिंबाच्या सालीसारखं. हे ओल्या मेंढीसारखं, जुनं झालंय, घेऊ नका. काश्मीरच्या फुलाला आखाजीच्या आधी कैरीचा देठ मोडल्यावर चीक येतो ना, तसा वास. चुडामण ते पाठ करायचा आणि सकाळी साहेबांपुढे फूल नाकाशी धरून तेच बोलायचा. साहेब मान डोलवायचे. बारा वर्षं असं चाललं. ती चौथी शिकलेली बाई, कारखान्याचं फाटक तिने ओलांडलं नव्हतं, आणि आत कोणतं गाठोडं फुटेल ते तिच्या नाकावर ठरायचं.

श्रावणात तिला दम लागायला लागला होता. तरी ओट्यावर बसून तिने पुरचुंड्या बांधल्या, आपल्या हिरव्या लुगड्याचा धड भाग फाडून. म्हणाली, "यंदाच्या काळीची सोय केली बघा. मी असले-नसले तरी." डबा माळ्यावर ठेवताना चुडामणने पाहिला होता. त्या शब्दांवर तो तीन महिने जगला होता.

त्याचं ठरलेलं होतं. पौषात काळी लावायची, बाटल्या ओल्या वाळूत पुरून ठेवायच्या आणि आखाजीला काढायच्या. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. निखाऱ्यावर तुपाचे घास घालतात, त्याला आगारी म्हणतात. यशोदाबाईची ही पहिली घागर. वर्षभरात ती काळीला तोंड लावायची ते आखाजीलाच, अर्धी वाटी, तीही आधी हुंगून. तिच्या घागरीपाशी तिच्याच हातच्या फुलांची वाटी ठेवायची आणि दोन थेंब आगारीवर सोडायचे. एवढंच त्याला करायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो धुळ्याला निघाला.

तापीचा पूल गेला, नरडाणा गेलं. सोनगीरला गाडी थांबली तेव्हा तांबटांची ठकठक ऐकू आली. काळीचं पितळी पातेलं त्याने आणि देवचंदने मिळून तिथूनच घेतलं होतं. देवचंद धुळ्यात देवपुरात राहायचा. दोघं एकाच वर्षी कारखान्यात लागले, एकाच खोलीत दोन वर्षं राहिले, मग शेजारच्या खोल्यांत बायका आणल्या. यशोदाबाई शेवटी धुळ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होती, तेव्हा देवचंदची बायको कलाबाई दोन्ही वेळचा डबा आणायची. दिवसकार्याला देवचंद शिरपूरला येऊन राहिला होता, त्याच माळ्याखाली झोपला होता. हे चुडामणला गाडीत आठवलं आणि त्याने मनातल्या मनात चोर पक्का केला.

दारात कलाबाईच होती. "या भाऊ, या! अहो, ऐकलं का, भाऊ आले शिरपूरचे." पण तिचा चेहरा पडला होता आणि पाणी देताना तिने वर पाहिलं नाही.

देवचंद मागच्या अंगणातून आला. टॉवेल खांद्यावर, हात ओले. "अरे! एकटाच उना? कळवायचं तरी, स्टँडवर आलो असतो."

"तोताराम आला होता," चुडामण म्हणाला.

देवचंदने टॉवेलने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"काळी चांगली झाली म्हणे तुझी."

"झाली बरी."

"फुलं कुठली?"

"होती जुनी पडलेली."

"जुन्या फुलाला ओल्या मेंढीचा वास येतो. तोताराम म्हणाला, वहिनींची काळी. डिट्टो."

"तोतारामला काय कळतं? ट्रक चालवतो तो."

अंगणात दोरीवर धुणं वाळत होतं. मुलांचे कपडे, एक धोतर, आणि कडेला हिरव्या कापडाचे तीन चौकोनी तुकडे, धुऊन मऊ झालेले. एकाला नारळी काठाची कडा राहिली होती. ते लुगडं चुडामणने स्वतः चोपड्याच्या बाजारातून आणलं होतं, मुलीच्या लग्नात. तो उठला, दोरीजवळ गेला आणि ते तुकडे ओढून घेतले. चिमटे खाली पडले.

"ताक गाळायला घेतले होते मी, भाऊ," कलाबाई दारातून म्हणाली. "मला ठाऊक होतं, हे चांगलं नाही."

चुडामण देवचंदकडे वळला. कारखान्यात आणि शहरात राहून दोघांची बोली शहरी झाली होती, पण रागात ते घरच्या बोलीवर यायचे.

"चोर शेस तू. माझ्या घरात माणूस मेलं आणि तू माळ्यावर चढलास. तेराव्याचं जेवून चोरी केलीस."

"मी चोर नही शे."

"मग हे काय शे?" त्याने तुकडे त्याच्यापुढे धरले.

"तिनी माले दिन्ह्यात."

"कोणी?"

"वहिनींनी. इथे, दवाखान्यात. तू औषध आणायला खाली गेला होतास. पिशवीत लुगड्यांखाली होत्या. स्वतःच्या हाताने काढून दिल्या. कलाला विचार, ती डबा घेऊन शेजारीच उभी होती."

कलाबाईने मान हलवली.

ती पिशवी तिनेच भरली होती. शिरपूर ते धुळे ती पिशवी चुडामणने मांडीवर घेतली होती. गाडी हादरली की यशोदाबाई म्हणायची, नीट धरा. त्याला वाटलं होतं की आत औषधाच्या बाटल्या आहेत म्हणून.

"खोटं बोलतोस," तो म्हणाला. "ती तुला कशाला देईल? का म्हणून देईल?"

देवचंद पायरीवर बसला. मग त्याने चुडामणकडे सरळ पाहिलं.

"वास येस का तुले?"

चुडामण उभाच राहिला.

"चौऱ्याहत्तरपासून येत नाही म्हणे. अमोनियाचा नळ फुटला तेव्हापासून. रुमालात फुलं आणायचास, ती हुंगून सांगायची, तू साहेबांना सांगायचास. हे मला कोण सांगणार, चुडामण? आणखी कोणाला ठाऊक होतं?"

कोणालाच नव्हतं. कुंदालासुद्धा, पोटच्या मुलीलासुद्धा नव्हतं. जगात दोनच माणसांना ठाऊक असलेली गोष्ट देवचंदच्या तोंडून निघाली, तेव्हा चोरीचा प्रश्नच मिटला. चुडामणच्या हातातले तुकडे त्याला एकदम जड वाटले.

"काय म्हणाली ती?" त्याने विचारलं.

"म्हणाली, हे एकटे करायला बसतील. जव करपले तरी यांना कळायचं नाही, खमीर बिघडलं तरी कळायचं नाही, आणि कोणाला विचारणार नाहीत. म्हणाली, भाऊ, तुम्ही जाऊन बसा त्यांच्याजवळ, दोघं मिळून करा. मी सांगितलं हे सांगू नका."

"मग? आलास?"

"नाही आलो."

"का?"

"तिने आणखी एक सांगितलं म्हणून." देवचंद आता कलाबाईकडे बघत बोलत होता, जणू तिला ते नवीन होतं. "एकोणऐंशी सालचं. माझं पातेलं. साहेब मला उकळखोली देणार होते. तू आलास, वाकलास, नाकाने वाफ घेतलीस आणि बठ्ठास्ना समोर, सगळ्या कामगारांपुढे, म्हणालास, कच्चा वास येतो. साहेबांनी सगळं गटारात सोडायला लावलं. मला बाटल्यांवर टाकलं. सात वर्षं मी बाटल्या धुतल्या, चुडामण. हिवाळ्यात बोटं फुटायची, ही लोणी लावायची. आणि मी काय म्हणायचो? म्हणायचो, आपलंच चुकलं असेल, चुडामणचं नाक खोटं बोलायचं नाही."

कलाबाई डोळ्यांना पदर लावून आत गेली.

"वहिनी म्हणाल्या, त्या दिवशीचं रुमालातून घरी काही आलंच नव्हतं. म्हणाल्या, तुमचं पातेलं गेलं त्यात तुमची चूक नव्हती भाऊ, एवढं तुम्हाला सांगून जाते." देवचंदने खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेतला. "मी ते ऐकलं आणि ठरवलं, काळी करायला नाही जायचं शिरपूरला. एकदा तरी लोकांनी म्हटलं पाहिजे, देवचंदची काळी. म्हणाले. सहा माणसं म्हणाली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. चार दिवस बरं वाटलं."

"तिच्या फुलांवर."

"तुझं नाव तरी कोणाच्या फुलांवर झालं?"

देवचंद उठून आत गेला आणि बाटली घेऊन आला. काळी, बुचावर मेण लावलेली.

"दोन ठेवल्या होत्या तुझ्यासाठी. एक घेऊन जा. एक आता पी माझ्यासमोर."

"मला नको."

"घे. तिचा हात आहे त्यात. पातेलं माझं, हात तिचा."

ती बाटली फोडून त्याने पेल्यात ओतली. फेस कॉफीच्या सायीच्या रंगाचा आला. चुडामणने पेला घेतला. सवयीने आधी नाकाशी नेला, जसा तो बारा वर्षं साहेबांपुढे न्यायचा, आणि देवचंद आपल्याकडे बघतोय हे लक्षात येऊन त्याचा हात थांबला. मग एक घोट घेतला. जिभेवर कडू आलं, ते जास्त नव्हतं, बेताचं होतं. मागून भाजल्याची चव. बस. कैरीचा चीक नाही, लिंबाची साल नाही. ही यशोदाबाईची काळी आहे की बाजारातली कोणती, हे सांगायला या घरात दोन माणसं होती, आणि तो त्यांतला नव्हता.

आजवर असं झालं की तो स्वयंपाकघराकडे बघायचा आणि ती भांडी घासता घासता सांगायची. आताही त्याने तसंच वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात कलाबाई होती.

"कसा शे वास?" त्याने विचारलं. यशोदाबाईशिवाय दुसऱ्या कोणाला हे त्याने आयुष्यात प्रथम विचारलं.

देवचंद म्हणाला, "सांगतो. सगळं सांगतो. पण आधी तू सांग. एकोणऐंशी साली त्या दिवशी तू काय हुंगेल व्हतं?"

चुडामणला तो दिवस नीट आठवत होता. फुलांचं माप देवचंदला कधी जमलं नाही, पण त्याचं नाक खरंच चांगलं होतं. त्याला उकळखोली मिळाली असती तर तो रोज पातेल्याशी शेजारी उभा राहिला असता, आणि महिन्याभरात त्याला कळलं असतं. त्या दिवशी वाफेत वाकून चुडामणला गरम लागलं होतं, दुसरं काही लागलं नव्हतं. तरी तो बोलला. घरी जाऊन यशोदाबाईला यातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. अकरा वर्षं तिने विचारलं नाही, आणि शेवटी त्याला न विचारता देवचंदला सांगून टाकलं.

त्याने पेला पायरीवर ठेवला. अर्धा भरलेला. कापडाचे तुकडे खिशात घातले.

"जेवून जा भाऊ," कलाबाई म्हणाली. "भाकरी टाकतेच आहे."

"गाडी आहे," तो म्हणाला. गाडीला अजून दीड तास होता.

देवचंदने दुसरी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या पिशवीत घातली. चुडामणने ती काढून परत दिली नाही. पांझरेच्या पुलावरून स्टँडकडे जाताना ती त्याच्या गुडघ्यावर आपटत होती.

एरवी रोज दिवेलागणीला तो यशोदाबाईच्या फोटोसमोर बसून दिवसभराचं सांगायचा. कोण आलं, कोण गेलं, दूध नासलं, कुंदाचं पत्र आलं. त्या संध्याकाळी तो बसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. देवचंदवर त्याला राग होता, पण तो समजण्यासारखा राग होता, त्याला तोंड होतं आणि पत्ता होता. हिच्यावरच्या रागाचं काय करायचं हे त्याला कळेना. जिवंत असती तर भांडला असता, चार दिवस बोलला नसता, मग तिने न बोलता ताट वाढलं असतं आणि मिटलं असतं. सोळा वर्षं तिने त्याचं गुपित पोळीच्या डब्यासारखं झाकून ठेवलं आणि जाताना झाकण काढून दुसऱ्याच्या हातात दिलं. आणि तिने जे सांगितलं ते सगळं खरं होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं.

निवडलेले जव सुपातच राहिले. पुढे चिमण्यांनी थोडे खाल्ले, थोडे त्याने कोंबड्यांना टाकले.

आखाजीला कुंदा चोपड्याहून आली. कोरी घागर आणली, पाणी भरलं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, दोन आंबे ठेवले, सांजोऱ्या केल्या. शेजारच्या मुली झोक्यावर गात होत्या. निखाऱ्यावर तूप सोडताना कुंदाने विचारलं, "आबा, काळी नाही ठेवायची? आई घ्यायची ना आजच्या दिवशी."

"यंदा केली नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं.

कुंदाने कैरीचा देठ मोडला आणि चीक बोटाला लागला म्हणून हात धुवायला गेली. चुडामणने तो देठ उचलून नाकाशी धरला. थोडा वेळ धरून ठेवला आणि मग टाकून दिला.

आगारी झाली, सगळे जेवले. कुंदा चौथ्या दिवशी सासरी गेली.

देवचंदची बाटली माळ्यावर त्या पत्र्याच्या डब्यात आहे, कापडाच्या तीन तुकड्यांत गुंडाळलेली. चुडामणने तिचं बूच काढलेलं नाही. खालच्या कोनाड्यात एक पोस्टकार्ड आहे, त्यावर देवचंदचा देवपूरचा पत्ता लिहिलेला आहे. त्या दिवशी काय हुंगलं होतं, ते लिहायचं राहिलं आहे.